पहिला आर-सी फिल्टर: कागदावरून टेबलावर

दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर. सूत्रात घातलं की कट-ऑफ, म्हणजे जिच्या वर फिल्टर सिग्नल ठळकपणे कमी करतो ती फ्रिक्वेन्सी, येतो १,५९२ हर्ट्झ. माझा पहिला लो-पास (कमी फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा) फिल्टर एवढाच होता. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे स्कोपवर, मात्र कट-ऑफ ३,२०० च्या आसपास दिसत होता, आणि आउटपुट अगदी कमी फ्रिक्वेन्सीलासुद्धा निम्मंच येत होतं. मी कपॅसिटर बदलला, मग पुन्हा बदलला, रेझिस्टर काढून मोजला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. भाग सगळे बरोबर होते. फिल्टरच्या पुढे मी एक इन्व्हर्टिंग अॅम्प्लिफायर जोडला होता आणि त्याचा इनपुट रेझिस्टरही १० किलोओहमचाच होता. म्हणजे माझ्या कपॅसिटरला समांतर आणखी १० किलोओहम बसले होते. सिग्नल निम्मा झाला, कपॅसिटरला दिसणारा रेझिस्टन्स ५ किलोओहम झाला आणि कट-ऑफ दुप्पट.

सूत्र चुकत नाही. पण ते दोन गोष्टी गृहीत धरतं: मागचा सोर्स आदर्श आहे, आणि पुढे काहीच जोडलेलं नाही. टेबलावर या दोन्ही गोष्टी कधीच खऱ्या नसतात. फिल्टरच्या मागे आणि पुढे जे जे लागतं, ते सगळं फिल्टरचाच भाग होतं, तुमचा प्रोबसुद्धा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. म्हणून मी ज्या क्रमाने आता काम करते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

काय काय लागेल

- ब्रेडबोर्ड आणि आखूड, सरळ बसणाऱ्या वायरी
- कपॅसिटन्स मोजणारा मल्टीमीटर
- दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप आणि १० पटीचे प्रोब
- फंक्शन जनरेटर
- १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर, १ किलोओहम ते १०० किलोओहम
- १, १०, २२ आणि १०० नॅनोफॅरडचे फिल्म कपॅसिटर
- एखादा दुहेरी ऑप-अॅम्प (एका चिपमध्ये दोन अॅम्प्लिफायर), उदाहरणार्थ टीएल०७२
- संगणकावर एलटीस्पाइस किंवा कायकॅड. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत सिम्युलेशन करता येतं.
- वही. दर वेळी मोजलेला आकडा लिहायचा, सूत्रातून आलेला नाही.

१. आधी सिग्नल बघा

फिल्टर काढायला बसण्याआधी सिग्नल स्कोपवर लावा आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. मला काय ठेवायचं आहे? काय घालवायचं आहे? तापमानाचा सेन्सर असेल तर कामाचा सिग्नल सेकंदाला एकदाही धड बदलत नाही, आणि त्यावर बसलेली घरगुती विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झची असते. दोघांमध्ये भरपूर अंतर आहे, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. पण ३ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ठेवून ५ किलोहर्ट्झची शिट्टी घालवायची असेल तर साध्या आर-सीकडून ते होणार नाही. तो कट-ऑफच्या वर दर दहापटीला २० डेसिबेल, म्हणजे दहा पटच, कमी करतो. ५ आणि ३ मध्ये दोन पटही अंतर नाही.

नुसती वरची फ्रिक्वेन्सी कापायची की डीसी काढून टाकायचं, हेही इथेच ठरवा. रेझिस्टर आणि कपॅसिटरची जागा अदलाबदल केली की लो-पासचा हाय-पास होतो. सूत्र तेच राहतं.

२. कट-ऑफ सिग्नलच्या काठावर ठेवू नका

कट-ऑफ म्हणजे भिंत नव्हे. त्या फ्रिक्वेन्सीला आउटपुट ०.७०७ पट उरलेलं असतं, म्हणजे जवळजवळ ३० टक्के आधीच गेलेलं. शिवाय सिग्नल ४५ अंश मागे पडलेला असतो. तुमचा कामाचा सिग्नल १ किलोहर्ट्झपर्यंत असेल आणि कट-ऑफही १ किलोहर्ट्झला ठेवलात, तर वरच्या टोकाचं माप चुकीचं येणार.

कट-ऑफ सिग्नलच्या पाचपट ठेवला तर घट सुमारे २ टक्के. दहापट ठेवला तर अर्धा टक्का, पण त्यातही ५.७ अंशांचा फेज फरक उरतोच. अॅम्प्लिट्यूड ठीक दिसलं म्हणून फेज विसरू नका. फीडबॅकच्या वळशात फिल्टर बसणार असेल तर तेच पाच-सहा अंश पुढे महागात पडतात.

३. आकडे निवडा: कपॅसिटर आधी, रेझिस्टर मागून

रेझिस्टर हव्या त्या किमतीचा (म्हणजे हव्या तेवढ्या ओहमचा) मिळतो, कपॅसिटर मोजक्याच किमतींचे. म्हणून हाताशी असलेला कपॅसिटर धरा आणि रेझिस्टर काढा.

कट-ऑफ = १ ÷ (२ × पाय (३.१४) × आर × सी)

मी मात्र एकच आकडा पाठ ठेवते: १,५९,१५५. याला किलोओहम आणि नॅनोफॅरडच्या गुणाकाराने भागा, उत्तर थेट हर्ट्झमध्ये येतं. १० गुणिले १० म्हणजे १००, आणि १,५९,१५५ भागिले १०० म्हणजे १,५९२. मागे-पुढे शून्यं मोजत बसावं लागत नाही. नवख्यांच्या निम्म्या चुका त्या शून्यांतच होतात.

कपॅसिटरवर नुसतं १०३ किंवा १०४ लिहिलेलं असतं. पहिले दोन अंक जसेच्या तसे, तिसरा अंक म्हणजे पुढची शून्यं, आणि एकक पिकोफॅरड. १०३ म्हणजे १०,००० पिकोफॅरड, अर्थात १० नॅनोफॅरड. १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड.

रेझिस्टर १ ते १०० किलोओहमच्या दरम्यान ठेवा. फार लहान घेतला तर मागच्या स्टेजवर भार येतो. फार मोठा घेतला तर त्याचा स्वतःचा नॉइज वाढतो, आणि ब्रेडबोर्डची शेजारशेजारची छिद्रं आपापसात जे दोन-चार पिकोफॅरड धरून असतात तेही जाणवायला लागतात. १ मेगाओहम आणि ३ पिकोफॅरड मिळून ५३ किलोहर्ट्झचा फिल्टर होतो. तुम्ही न लावलेला.

४. मागे कोण, पुढे कोण?

ही पायरी कोणी वगळू नये. कागदावर फिल्टरच्या डावीकडे सोर्सचा आउटपुट रेझिस्टन्स लिहा, उजवीकडे पुढच्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्स. मग बघा: सोर्स तुमच्या रेझिस्टरच्या दहाव्या हिश्शाहून कमी आहे का? लोड दहापटीहून जास्त आहे का? दोन्हींना हो असेल तर सूत्रावर भरवसा ठेवायला हरकत नाही. चूक दहा टक्क्यांच्या आत राहील.

फंक्शन जनरेटरचा आउटपुट बहुतेक वेळा ५० ओहमचा असतो. १० किलोओहमपुढे तो नगण्य, पण १०० ओहमच्या फिल्टरला तो दीडपट करतो. इथे आणखी एक सापळा आहे. बरेच जनरेटर पुढे ५० ओहमचं लोड आहे असं समजून व्होल्टेज दाखवतात. पडद्यावर १ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि स्कोपवर २ व्होल्ट दिसतात. काही बिघडलेलं नसतं; जनरेटरच्या मेनूत लोडची सेटिंग 'हाय-झेड' करा.

दहापटीचा नियम पाळता येत नसेल तर मध्ये ऑप-अॅम्पचा बफर टाका, म्हणजे मागच्यावर भार न टाकता तोच सिग्नल पुढे देणारी जोडणी. आउटपुट सरळ मायनस इनपुटला, सिग्नल प्लस इनपुटला.

बफर लावताना एक चूक फार होते. प्लस इनपुटच्या आधी कपॅसिटर ठेवतात आणि तिथून ग्राउंडला किंवा सप्लायच्या मध्यबिंदूला रेझिस्टर द्यायला विसरतात. ऑप-अॅम्पच्या इनपुटला अगदी थोडा का होईना, डीसी करंट लागतो. त्याला वाट नसेल तर तो कपॅसिटरच चार्ज करत बसतो आणि आउटपुट हळूहळू सरकत एका रेलला, म्हणजे सप्लायच्या एका टोकाला, जाऊन चिकटतं. चालू केल्यावर काही सेकंद सगळं छान आणि मग सिग्नल गायब, असं झालं की आधी हाच रेझिस्टर शोधा.

५. कपॅसिटर कुठल्या जातीचा?

हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा. १०० नॅनोफॅरडचा, एक्स७आर जातीचा चकतीसारखा सपाट सिरॅमिक कपॅसिटर फिल्टरमध्ये लावा. त्यावर पाच-दहा व्होल्ट डीसी ठेवा आणि स्कोप काही मिलिव्होल्टवर आणा. आता पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कपॅसिटरवर हलकेच टिचकी मारा. पडद्यावर लहानसा झटका उठतो आणि विरतो. या जातीचा सिरॅमिक पिझोइलेक्ट्रिक असतो, दाबला की व्होल्टेज देतो. तोच कपॅसिटर मायक्रोफोनच्या सर्किटमध्ये किंवा थरथरणाऱ्या यंत्रावर असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट टिचकीनेही कळत नाही. अशा कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची किंमत उतरते. आकाराने चिमुकल्या आणि किमतीने मोठ्या एक्स५आर कपॅसिटरला रेटिंगच्या जवळ नेलं तर निम्म्याहून जास्त किंमत जाऊ शकते. मल्टीमीटर जवळजवळ शून्य डीसीवर मोजतो, म्हणून त्यावर आकडा अगदी बरोबर येतो आणि सर्किटमध्ये कट-ऑफ वर सरकलेला असतो.

माझा नेम असा: ज्या कपॅसिटरवर कट-ऑफ ठरतो तो फिल्मचा किंवा सी०जी (स्थिर किमतीच्या सिरॅमिक) जातीचा, ज्याला सप्लायपाशी नुसतं उभं राहायचं आहे तो एक्स७आर चालेल. वाय५व्ही फिल्टरमध्ये नकोच, तापमानाबरोबर त्याची किंमत ८२ टक्क्यांपर्यंत घसरू शकते. इलेक्ट्रोलिटिक साधारण २० टक्क्यांच्या टॉलरन्सचे असतात आणि त्यांना उलटं व्होल्टेज सोसत नाही.

६. मोजा

इनपुट चॅनेल १ वर, आउटपुट चॅनेल २ वर. दोन्ही डीसी कपलिंगवर ठेवा. स्कोपचं एसी कपलिंग म्हणजे काही हर्ट्झचा एक हाय-पास फिल्टरच आहे. त्यावर २० हर्ट्झची चौकोनी लहर लावली की सपाट माथा उतरता दिसतो, आणि लोक आपल्या सर्किटमध्ये दोष शोधत बसतात.

प्रोबवरची कळ १० पटीवर आहे आणि स्कोपच्या मेनूतही १० पटच लिहिलेलं आहे, हे बघा. प्रोब आधी स्कोपच्या कॅलिब्रेशन खुंटीला लावून चौकोनी लहरीचे कोपरे सरळ करून घ्या. १ पटीवर प्रोब आणि त्याची केबल मिळून १०० पिकोफॅरडच्या आसपास भार टाकतात. तुमचा कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा असेल तर १ टक्का फरक, तो चालेल. पण कपॅसिटरच १०० पिकोफॅरडचा असेल तर प्रोब लावताक्षणी कट-ऑफ निम्म्यावर येतो.

आता जनरेटरवर १०० हर्ट्झ आणि शिखर-ते-शिखर २ व्होल्टची साइन लावा. दोन्ही लहरी एकमेकींवर बसायला हव्यात. फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवा. आउटपुट खचत जाईल आणि उजवीकडे सरकत जाईल. ते १.४१ व्होल्टवर आलं की थांबा, तोच तुमचा कट-ऑफ. मग दुसऱ्या बाजूने पडताळा: दोन लहरी शून्य ओलांडतात त्यांच्यातला वेळ मोजा. १,५९२ हर्ट्झला एक आवर्तन ६२८ मायक्रोसेकंदांचं, आणि ४५ अंश म्हणजे त्याचा आठवा भाग, साधारण ७८ मायक्रोसेकंद. दोन्ही मापं जुळली तर फिल्टर खरोखर एकाच आर-सीचा आहे. अॅम्प्लिट्यूड जुळतं पण वेळ जुळत नाही, असं असेल तर कुठेतरी आणखी एक आर-सी लपलाय. पायरी ४ वर परत जा.

शेवटी कट-ऑफच्या दहापटीवर, १५.९ किलोहर्ट्झवर जा. तिथे ०.२ व्होल्ट उरले पाहिजेत. त्याहून जास्त उरत असतील तर बहुधा ग्राउंडची वायर लांब आहे, किंवा इनपुट आणि आउटपुटच्या वायरी शेजारून जातात आणि सिग्नल फिल्टरला वळसा घालून पुढे पोचतोय.

प्रोबच्या ग्राउंडची १५ सेंटिमीटरची शेपटी जवळपास १५० नॅनोहेन्री असते. प्रोबच्या १० पिकोफॅरडशी मिळून ती १३० मेगाहर्ट्झच्या सुमारास थरथरते. वेगवान लॉजिकच्या कडांवर जी झालर दिसते ती पुष्कळदा सर्किटची नसून या शेपटीची असते. शेपटी काढून प्रोबच्या टोकाजवळची लहान स्प्रिंग लावा आणि तीच कड पुन्हा बघा.

७. फिल्टर वेळ घेतो

जास्त गुळगुळीत हवं म्हणून मोठा कपॅसिटर लावायचा मोह होतो. आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या पिनवरून ४९० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम (चालू-बंद होणाऱ्या पल्स) काढून त्याचं स्थिर व्होल्टेज करायचं आहे असं धरा. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावले तर ५० टक्के ड्यूटीला (पल्स निम्मा वेळ चालू) ५ व्होल्टच्या पल्समधून अंदाजे २५५ मिलिव्होल्टची लहर उरते. कपॅसिटर १० मायक्रोफॅरड केला की ती २५ मिलिव्होल्टवर येते. पण आर गुणिले सी आता ०.१ सेकंद झाला, आणि नव्या किमतीच्या ९९ टक्क्यांपुढे पोचायला त्याच्या पाचपट वेळ लागतो. अर्धा सेकंद! मोटरचा वेग किंवा आवाजाची पातळी बदलताना हा उशीर हाताला कळतो.

इथे दोन पायऱ्या लावणं जास्त शहाणपणाचं. आधी १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, त्यापुढे १०० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड. लहर १० मिलिव्होल्टच्या आत येते आणि आउटपुट दहाव्या हिश्श्या सेकंदाच्या आत बसतं. दोन्ही बाजूंनी फायदा. मात्र पुढे बफर हवाच, कारण बाहेरून बघणाऱ्याला आता ११० किलोओहमचा सोर्स दिसतो.

दुसरी पायरी १०० किलोओहमची का, हे नीट समजून घ्या. दोन्ही पायऱ्या अगदी सारख्या केल्या तर दुसरी पहिलीला लोड करते. १,५९२ हर्ट्झच्या दोन सारख्या पायऱ्या बफरशिवाय जोडल्या तर कट-ऑफ ५९५ हर्ट्झवर येतो. मध्ये बफर टाकला तर १,०२५ हर्ट्झवर. म्हणजे बफर असला तरी १,५९२ मिळत नाहीच, कारण दोन्ही पायऱ्यांची घट एकावर एक बसते.

८. आर-सी पुरत नसेल तर: सॅलेन-की

कट-ऑफपर्यंत सपाट आणि मग झपाट्याने उतरणारा फिल्टर हवा असेल तर सॅलेन-की जोडणी घ्या. सॅलेन आणि की या दोघांनी ती १९५५ मध्ये मांडली. जोडणी अशी: इनपुटपासून पहिला रेझिस्टर, मग एक सांधा, मग दुसरा रेझिस्टर, मग ऑप-अॅम्पचा प्लस इनपुट. प्लस इनपुटपासून ग्राउंडला लहान कपॅसिटर. मधल्या सांध्यापासून ऑप-अॅम्पच्या आउटपुटला मोठा कपॅसिटर. आउटपुट मायनसला जोडलेलं.

दोन्ही रेझिस्टर सारखे ठेवले तर बटरवर्थ (कट-ऑफपर्यंत सपाट) प्रतिसादासाठी मोठा कपॅसिटर लहानाच्या दुप्पट लागतो. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, २२ आणि १० नॅनोफॅरड घ्या. दुपटीपेक्षा किंचित जास्त आहे, पण हातात मिळणाऱ्या किमतींत इतकं चालतं. कट-ऑफ १,१२० हर्ट्झच्या आसपास येतो आणि वरचा उतार दर दहापटीला ४० डेसिबेल. चौकोनी लहर दिली तर माथ्यावर ५-६ टक्क्यांची उसळी दिसेल. ती या प्रतिसादाचा स्वभावच आहे. उसळी अजिबात नको असेल तर बेसेलकडे वळा: उतार थोडा संथ, पण पल्सचा आकार जपला जातो.

कपॅसिटर उलटे लागले तर फिल्टर चालतो, पण कट-ऑफच्या खूप आधीपासून ढेपाळतो. आकृती समोर ठेवून दोनदा तपासा.

ऑप-अॅम्प निवडताना:

- टीएल०७२ ला ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर बसवू नका. त्याचा इनपुट खालच्या रेलपर्यंत जात नाही, आणि फार खाली ओढला तर आउटपुट उलटं फिरतं.
- एलएम३५८ चा इनपुट ग्राउंडपर्यंत जातो, पण आउटपुट वरच्या रेलच्या दीड व्होल्ट आधीच थांबतं. शिवाय साइन लहरीच्या मध्यावर छोटीशी पायरी दिसते. आउटपुटपासून ग्राउंडला काही किलोओहमचा रेझिस्टर दिला तर ती बरीच कमी होते.
- प्रत्येक चिपच्या सप्लाय पिनांना अगदी खेटून १०० नॅनोफॅरड लावा. नुसता बोर्डाच्या कडेला नको.
- दुहेरी चिपमधला न वापरलेला अर्धा भाग लोंबकळत ठेवू नका. आउटपुट मायनसला, प्लस मध्यबिंदूला.

सॅलेन-कीचा एक अवगुण आकृतीत दिसत नाही. फार वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑप-अॅम्प थकतो, त्याचा आउटपुट रेझिस्टन्स वाढतो, आणि मोठ्या कपॅसिटरमधून सिग्नल सरळ आउटपुटवर सांडतो. उतरत गेलेली रेघ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पुन्हा वर चढते. आदर्श ऑप-अॅम्प घेतलेल्या सिम्युलेशनमध्ये हे कधीच दिसणार नाही. खऱ्या चिपचं मॉडेल घाला. उपाय सोपा आहे: फिल्टरच्या आधी एक साधा आर-सी ठेवा, वरचा कचरा तिथेच अडवा.

९. पुढे एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) असेल तर

'कोडमध्ये सरासरी काढू' म्हणून अॅनालॉग फिल्टर गाळू नका. सेकंदाला १,००० नमुने घेताना ९५० हर्ट्झचा नॉइज आला तर तो ५० हर्ट्झचा होऊन आकड्यांत बसतो. एकदा बसला की तो खऱ्या ५० हर्ट्झपासून कुठल्याही कोडला वेगळा करता येत नाही. त्याला एडीसीच्या दाराबाहेरच थांबवावं लागतं. १०० हर्ट्झच्या साध्या आर-सीनेही ९५० हर्ट्झ साडेनऊ पटींनी कमी होतो.

इथेही पुढे कोण आहे ते बघाच. अॅटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये सोर्स १० किलोओहम किंवा कमी ठेवायला सांगितलं आहे, कारण आतला सुमारे १४ पिकोफॅरडचा कपॅसिटर दर नमुन्याला भरावा लागतो. पिनवर तुमचा १० नॅनोफॅरड असेल तर चॅनेल बदलताना तो आपल्यातला ०.१४ टक्क्यांपर्यंत हिस्सा देऊन बसतो, आणि १० बिटांच्या एडीसीत एक पायरी ०.१ टक्क्याची असते. म्हणजे शेवटचा आकडा हलणार. कपॅसिटर १०० नॅनोफॅरड करा आणि कट-ऑफ तोच राहावा म्हणून रेझिस्टर १ किलोओहमवर आणा. मग पायरी ४ मधला डावीकडचा प्रश्न पुन्हा विचारा: मागचा सेन्सर हा १ किलोओहमचा फिल्टर ओढू शकतो का? नसेल तर बफर तिथे लागेल.